‘बेळगावात एसी कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरगुती वापरासाठी डक्टलेस, म्हणजे घरभर हवा नेणाऱ्या नळांशिवाय चालणाऱ्या स्प्लिट एसीच्या, वातानुकूलनाचे फायदे सांगणाऱ्या माझ्या लेखावर आपण निपाणीहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तिच्यातला काही भाग मला मान्य आहे आणि काही भाग अजिबात मान्य नाही, म्हणून आभाराच्या दोन ओळी लिहून न थांबता सविस्तर उत्तर देत आहे. इतर वाचकांसाठी आपले आक्षेप थोडक्यात असे : ज्या बेळगावला लोक गरिबांचे महाबळेश्वर म्हणत आले, तेथे एसीची भलामण करणे म्हणजे दुकानदाराची जाहिरात करणे होय, आपल्याकडच्या घरांत डक्ट कधी नव्हतेच, तेव्हा हे फायदे अमेरिकेतल्या घरांवरून उचललेले आहेत, पंखा आणि कूलर असताना एसी घेतल्याने बिलही वाढते आणि हवाही बिघडते, आणि आपल्या नव्या घरासाठी ठेकेदाराने सगळ्या खोल्यांना मिळून एकच डक्टची यंत्रणा सुचवली आहे, तिच्याविषयी लेखात चकार शब्द नाही.

डक्टच्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण तेथे चूक माझी आहे. अमेरिकेत बहुतेक घरांत एकच मोठे यंत्र असते आणि त्याची थंड हवा पत्र्याच्या नळांतून म्हणजे डक्टमधून, अनेकदा छपराखालच्या तापलेल्या पोकळीतून, खोल्याखोल्यांत पोचवली जाते. त्या नळांच्या सांध्यांतून होणारी गळती आणि वाटेत शोषली जाणारी उष्णता यांमुळे घर थंड करण्यावर खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी 30 टक्क्यांहून अधिक ऊर्जा वाया जाऊ शकते, असे तिथल्या ऊर्जा खात्याचे म्हणणे आहे. हा आकडा मी लेखात जसाच्या तसा दिला होता. ज्या घरात डक्टच नाही, तेथे त्यातली गळती वाचण्याचा प्रश्न येत नाही. तेवढी बचत होईल या आशेने कोणी यंत्र घेतले असेल, तर ती आशा माझ्या लेखाने लावलेली आहे आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. ती ओळ लेखातून काढून टाकली आहे. आपल्या ठेकेदाराच्या प्रस्तावाला मात्र तो आकडा बराचसा लागू पडतो. त्याकडे शेवटी येते.

आता गरिबांच्या महाबळेश्वराविषयी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर आहे, संध्याकाळी वारा सुटतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात एसीची आठवणही होत नाही, हे सारे खरे आहे. पण आपला जिल्हा म्हणजे केवळ बेळगाव शहरातले टिळकवाडी आणि कॅम्प नव्हे. खानापूरकडच्या जंगलातला पाऊस आणि अथणी-रायबागकडचे रखरखीत ऊन एकाच जिल्ह्यात नांदते, आणि एप्रिलात अथणी किंवा गोकाकला दुपारी बाहेर पडलेला माणूस महाबळेश्वराचे नाव काढणार नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपली घरे बदलली. तो लौकिक मिळाला तेव्हा माणसे मंगलोरी कौलांखाली, जांभ्याच्या किंवा मातीच्या जाड भिंतींत, उंच आढ्याखाली राहत होती. कौले सूर्य मावळल्यावर लवकर निवतात आणि त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. आज आपण काँक्रीटच्या स्लॅबखाली झोपतो, आणि तो स्लॅब दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता मध्यरात्रीनंतरही आपल्या अंगावर सोडत राहतो. बाहेर गार वारा वाहत असताना आत घामाने उशी ओली होते ती यामुळे.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. बेळगावच्या शहापुरात आमच्या घराचा पुढचा सोपा आणि माजघर अजून कौलारू आहे, पण मागची खोली सासऱ्यांनी स्लॅबची बांधली आणि सासूबाई तेथेच झोपतात. त्यांचे वय 81 आहे. मागच्या बोळात यंत्रमाग रात्रीही चालतात, शिवाय डास, त्यामुळे खिडकी उघडी ठेवता येत नाही. काही वर्षांपूर्वीच्या एप्रिलात मी रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तेव्हा सासूबाई सोप्यातल्या फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, खांद्यावर ओला पंचा घेऊन. रोज अशाच बसता का, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “पंखा नुसती गरम हवा ढवळतो गं. इथं फरशी तरी गार लागते.” त्या आठवड्यात आम्ही एक टनाचा स्प्लिट एसी त्यांच्या खोलीत बसवला, आमच्या पैशाने, कोणत्याही दुकानदाराशी माझा त्यापलीकडे संबंध नाही.

आपल्या भागासाठी या यंत्राचा जो खरा फायदा मला वाटतो, तो लेखात मी पाचव्या क्रमांकावर ढकलला होता आणि तो पहिला हवा होता. ज्या एका माणसाला गरज आहे त्याची एकच खोली, वर्षातले अडीच-तीन महिने, तीही रात्रीपुरती थंड करता येते, आणि त्यासाठी जुने घर फोडावे लागत नाही. भिंतीला साधारण तीन इंची भोक पाडायचे, त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, एक वायर आणि पाण्याची एक नळी बाहेर न्यायची, एवढेच काम. खिडकी आणि तिचे गज जागच्या जागी राहतात. घरातले बाकीचे लोक पंख्याखाली झोपतात. आमच्याकडे तेच चालू आहे आणि दुसरा एसी घेण्याची गरज आम्हाला वाटलेली नाही.

त्या भोकाने मात्र आम्हाला धडा शिकवला. फिटरने जांभ्याच्या भिंतीला ड्रिलने भोक पाडताना खोलीभर लाल भुकटी केली, ती दोन दिवस पुसत होतो. पण खरी चूक ही झाली की भोक आतल्या बाजूला किंचित उतरते पडले. हवेतला दमटपणा आतल्या गार जाळीवर साठून त्याचे पाणी होते आणि ते नळीने उताराने बाहेर जायला हवे. आमचे पाणी आत परतले आणि चौथ्या दिवशी भिंतीवरून ओघळून सासूबाईंच्या ट्रंकेवर ठिबकू लागले. ट्रंकेत त्यांची लुगडी होती. फिटरला तीन वेळा बोलावले, तेव्हा कोठे नळीचा उतार बदलून मिळाला. आता ते पाणी मागच्या दारी बादलीत पडते आणि सकाळी कर्दळीला जाते.

कूलरविषयी आपण जे लिहिले आहे ते अथणीच्या मार्चमध्ये खरे आहे आणि बेळगावच्या मेमध्ये खोटे ठरते. कूलरमधले पाणी वाफ होऊन उडते तेव्हा हवेतली उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असेल तर हे झपाट्याने होते आणि दमट असेल तर फारसे होत नाही. आपल्याकडे एप्रिल सरता सरता वळीव सुरू होतात, आणि त्यानंतर कूलर लावलेल्या बंद खोलीत गारव्याऐवजी चिकचिकाट वाढतो. कूलरला खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि नेमकी तीच आम्हाला उघडता येत नव्हती. शिवाय त्याला रात्रीत दोन-तीन बादल्या पाणी लागते. शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी खाली गेल्यावर ज्या घरी नळाची वाट पाहत दिवस मोजले जातात, तेथे हा खर्च लहान नाही. तरीही आपण जिल्ह्याच्या पूर्वेकडे कोरड्या गावात राहत असाल आणि खोलीला खेळती हवा असेल, तर आधी कूलरच घ्यावा, असे माझे मत आहे.

बिलाचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि लेखात मी त्याला न्याय दिला नाही. कर्नाटकातल्या आपल्यासारख्या घरांना गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंतची सवलत मिळते, पण ती सरसकट 200 युनिट नसते. 2022-23 मधला आपला सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के एवढेच युनिट मोफत असतात. त्याहून अधिक वापराचे पैसे भरावे लागतात, आणि महिन्याचा वापर 200 च्या वर गेला तर त्या महिन्याचे संपूर्ण बिल आपल्यावर येते. आमचा नेहमीचा वापर महिना 90 युनिटच्या आसपास आहे. पहिल्या वर्षी एसी 24 अंशांवर रात्री आठ तास चालवला, तेव्हा रात्रीला सुमारे चार युनिट जात होते. मे महिन्यात एकूण आकडा 200 ओलांडून गेला आणि हेस्कॉम या वीज कंपनीचे पूर्ण बिल हाती पडले. पुढच्या उन्हाळ्यात 27 अंश ठेवून सोबत पंखा मंद चालवला. तापमान एका अंशाने वाढवले की विजेत सुमारे सहा टक्के बचत होते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि आमच्या मीटरने ते खरे करून दाखवले : मे महिना 190 च्या आत राहिला. मोफत मर्यादेवरच्या युनिटांचे पैसे अर्थातच भरले. सासूबाईंना 27 अंशांत पातळ चादर लागते. त्यामुळे जो महिना काठावर असेल, त्यात मीटर दर आठवड्याला वाचावा, ही सूचना मूळ लेखात आता घातली आहे.

हवेच्या नुकसानीबद्दल आपण लिहिलेला ओझोनचा मुद्दा एसीत गारवा आणणाऱ्या जुन्या आर-22 गॅसला लागू होतो. नव्या घरगुती यंत्रांत तो नसतो. आता बहुतेकांत आर-32 असतो. त्याने ओझोनला इजा होत नाही, पण तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट उष्णता अडवतो. एका लहान यंत्रातला साधारण 700 ग्रॅम गॅस हवेत सुटला, तर सुमारे 470 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. म्हणून ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावाच लागतो’ असे सांगणाऱ्या फिटरवर विश्वास ठेवू नये, हे मी येथे कळकळीने सांगते. गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कोठे तरी गळती आहे, आणि बहुधा ती नळ्यांच्या जोडावरच्या नटाशी असते. गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पैसे आणि हवा दोन्ही घालवणे आहे. बसवतानाही नळ्यांतली हवा व्हॅक्यूम पंपाने काढून घेतली पाहिजे. थोडा गॅस सोडून हवा हाकलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते, ती चुकीची आहे. आणि बाहेरचे युनिट शेजाऱ्याच्या खिडकीसमोर बोळात लावू नये. आपली गरमी शेजाऱ्याच्या खोलीत सोडून आपण गार झोपणे बरे नव्हे. आमचे युनिट म्हणून गच्चीवर आहे.

आता आपल्या निपाणीच्या घराविषयी. आपण दिलेल्या वर्णनानुसार घर दुमजली आहे, चार खोल्या आहेत, आणि ठेकेदार फॉल्स सीलिंगच्या आतून डक्ट नेणार आहे. हे दिसायला सुबक असते, हे मी नाकारत नाही. भिंतीवर पांढरा डबा दिसत नाही. परंतु वरच्या मजल्यावर ते नळ तापलेल्या स्लॅबच्या लगत असतील, म्हणजे अमेरिकेतल्या छपराखालच्या पोकळीचीच परिस्थिती आपण घरात निर्माण करू. छताची उंची फूटभर कमी होईल. एकट्या आपल्या वडिलांना झोपेसाठी गारवा हवा असताना मोठे यंत्र चालवावे लागेल, आणि ते बिघडले की सगळ्या घराचा गारवा एकदम बंद पडेल. डक्टमधली धूळ काढायला माणूस बोलवावा लागतो. स्प्लिटची जाळी मी दर पंधरा दिवसांनी मोरीत नळाखाली धुते. डक्टच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : तशी सोय केली तर त्यातून बाहेरची ताजी हवा आत घेता येते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, म्हणून सासूबाईंच्या खोलीचे दार आम्ही रात्री बोटभर उघडे ठेवतो.

मी आपल्या जागी असते तर गच्चीला आधी पांढरा, ऊन परतवणारा लेप दिला असता, पश्चिमेच्या खिडक्यांवर रुंद छज्जे काढले असते, आणि एक उन्हाळा वडिलांच्या खोलीत पंख्यावर कसे भागते ते पाहिले असते. त्यानंतर गरज उरली तर त्या एका खोलीत एक टनाचा इन्व्हर्टर एसी. मात्र तयारी आत्ताच करून ठेवावी, कारण नंतर भिंत फोडण्याचा त्रास मी पाहिला आहे. चारही खोल्यांत एसीसाठी वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि चांगले अर्थिंग घ्यावे. मंजूर भार पुरेसा आहे का, ते हेस्कॉमच्या कार्यालयात विचारावे. आणि भिंतीत तीन इंची पाइपचा तुकडा प्लास्टरपूर्वीच बसवून दोन्ही तोंडांना बूच मारून ठेवावे. तो पाइप बसवताना गवंडी काहीही म्हणाला तरी आपण स्वतः तेथे उभे राहावे, बाहेरचे तोंड आतल्यापेक्षा बोटभर खाली आहे ना ते बघावे, आणि सिमेंट धरण्याआधी आतून तांब्याभर पाणी ओतून ते सगळे बाहेर पडते की नाही याची खात्री करून घ्यावी.