गाडी कोणाच्या खळ्यात?

मालवणला गाडीने जाण्यात रस्त्याचा त्रास सगळ्यात कमी. हे मी मुंबई-गोवा महामार्गाबद्दल बोलतोय आणि पूर्ण शुद्धीत बोलतोय. चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्याच वर्षी जन्मलेला आमचा चिरंजीव आता मागच्या सीटवर मिसरूड चाचपत बसतो आणि 'काम चालू आहे'ची पाटी दिसली की विचारतो, "बाबा, माझा जुळा भाऊ कधी मोठा होणार?"

तरी रस्ता बरा. माणगावच्या बाजारपेठेत पहिल्या गिअरवर सरकताना निदान "माझ्याकडे कित्याक नाय इलंस?" असं विचारायला कोणी येत नाही. कशेडीला बोगदा झाल्यापासून घाटातली वळणं वाचली, आणि खारेपाटणला सिंधुदुर्गात शिरल्यावर तर गाडी चक्क पळते. पोटात गोळा येतो तो कसालला उजवीकडे वळल्यावर.

कोकण रेल्वेने जायचो तेव्हा हे नव्हतं. कुडाळला उतरायचं, रिक्षा करायची, रिक्षा पाणंदीच्या तोंडाशी सोडून द्यायची. रिक्षा परत जाते. स्वतःची गाडी परत जात नाही, ती कुठेतरी उभी करावी लागते.

आमचं घर चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं. ते गेल्यावर माजघरात भिंत आली आणि बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, दगडांचा गडगा. अलीकडे मोठे काका, पलीकडे धाकटे काका. दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. हा गडगा मूळ जागेवरून हातभर सरकलाय, याबद्दल दोघांचं संपूर्ण एकमत आहे. सरकवला कोणी, एवढाच काय तो वाद. माझे वडील मधले. ते चाकरमानी म्हणून मुंबईला गेले, त्यामुळे आम्ही सातबाऱ्यावर आहोत पण भांडणात नाही. अशा माणसाची साक्ष दोन्ही पक्षांना हवी असते. गाडी ज्याच्या खळ्यात उभी राहिली, त्याच्या बाजूने ती साक्ष झाली असं वाडीत धरतात.

आणि वाडीला कळतंच. एमएच ०४ ची पाटी तिठ्यावर दिसली की आम्ही पोचायच्या आधी घरी फोन पोचलेला असतो. पाणंद बैलगाडीच्या मापाची, दोन्ही बाजूंना गडगे, आणि आमची गाडी बायकोच्या आग्रहाने घेतलेली मोठी. ती आत घालायला वाडीतले सगळे रिकामे पुरुष येतात. एक पुढून "येवंदे, येवंदे" करतो, एक मागून "रव, रव!" ओरडतो, आणि ज्याने आयुष्यात सायकलही चालवली नाही तो खिडकीत तोंड घालून सांगतो, "हँडल पुरा मार." साइड मिरर मिटायचे, पोट आत घ्यायचं आणि पुढे जायचं.

पाणंदीच्या शेवटी काका उभे. दोघेही. आपापल्या खळ्यात, तोंडं विरुद्ध दिशांना.

यंदा बायकोने तोडगा काढला. म्हणाली, गडग्याच्या तोंडाशी तो फणस आहे ना, त्याच्याखाली लावूया. फणस सामाईक. त्याचा बुंधा बरोबर वादाच्या रेषेवर असल्याने तो कोणालाच तोडता आलेला नाही. गाडीची दोन चाकं या बाजूला, दोन त्या बाजूला. पंचांनीही दिला नसता इतका समतोल न्याय. मोठ्या काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकं कुठे आहेत ते वाकून पाहिलं आणि म्हणाले, "इंजिन खंयच्या बाजूक रे?"

मी म्हटलं, "इंजिन मधोमध आहे काका." त्यावर ते गप्प झाले. गडग्यापलीकडे धाकट्या काकांचा खोकला ऐकू आला, समाधानाचा.

एवढं करून महिना मे. वर फणस पिकलेले, आणि तेही बरके. बरका फणस पिकला की कोणाची वाट बघत नाही. मी रात्री पडवीत झोपायचो आणि वाऱ्याची झुळूक आली की उठून बसायचो. आणि एका पहाटे तो पडला. बॉनेटवर. आवाज असा झाला की समोरच्या घरातला कुत्रासुद्धा भुंकायचं विसरला. गरे काचेवर, आठळ्या वायपरमध्ये, चीक सगळीकडे. दोन्ही दारं एकदम उघडली, दोन्ही काका लुंग्या सावरत बाहेर आले. मला वाटलं, आता तरी हे रक्ताचं नातं गाडीची चौकशी करील.

"फांदी आमच्या बाजूची," मोठे काका मला म्हणाले.

"पडलो खंय ता बघ म्हणा," धाकटे काका मलाच म्हणाले.

बॉनेटला पडलेल्या खळग्यावर मात्र कोणीच हक्क सांगितला नाही. चीक काढायला मोठ्या काकीने खोबरेल दिलं, धाकटीने जुनं पातळ. त्यातल्या त्यात ते सामोपचाराचं.

जेवणाचं तर काय सांगू. मधली भिंत मातीची, आवाज आणि वास दोन्ही आरपार. अलीकडे बांगड्याचं तिखलं शिजलं, त्यात तिरफळं पडली, की पलीकडे अर्ध्या तासात कोंबडी भाजायला घेतलेली असते. मोठ्या काकीकडे दुपारी सुरमईच्या तुकड्या, भात, सोलकढी अशी साग्रसंगीत जेवणं झाली आणि हात धुवायला बाहेर आलो, तर गडग्यावर कोपर टेकून धाकटी काकी उभी.

"तिच्याकडे जेवलंस आणि माझ्याकडे नुसती चाय पितलंस?"

"काकी, रात्री तुमच्याकडेच..."

"रातीक कित्याक? वडे तळून झाले."

वडे तळून झाले, यावर मालवणात अपील नाही. ते खाल्ले. मग देऊळवाड्यातल्या आतेकडे खाल्ले. आतेने मला आपादमस्तक न्याहाळलं, वड्यांनी ताणलेल्या शर्टाच्या बटणांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "किती बारीक झालंस रे!"

बायकोला सिंधुदुर्ग दाखवायचं लग्नाच्या वेळी कबूल केलं होतं. किल्ला १६६७ पासून कुरटे बेटावर उभा आहे, तो कुठे जात नाही, असं मी दरवर्षी म्हणतो. यंदाही तो दांडीच्या किनाऱ्यावरूनच बघितला, तोही उभ्याउभ्या, कारण मामा "पाच मिनटां येवन जा" म्हणून स्कूटर घेऊन न्यायला आले होते. कोकणातल्या मामांची पाच मिनिटं संपली तेव्हा होड्या बंद झाल्या होत्या.

निघायच्या सकाळी डिकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर अपमान होतो. डावीकडून मोठे काका नारळ ठेवत होते, उजवीकडून धाकटे काका नारळ ठेवत होते. दोघेही न बोलता मोजत होते. मागची चाकं बसत चालली, आणि आमच्या चिरंजीवांच्या पायाखाली कुळथाचं पीठ, मांडीवर आमसुलं आणि डोक्याशी फणस आला. आंब्याच्या पेटीला जागा राहिली नाही म्हणून बायकोची बॅग एसटीने पाठवायची ठरली.

मग मोठ्या काकांनी गाडीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्यो आमचो झील गाडी घेवन मुंबयक निघालो हा, तेका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"वाटेत खड्डे आसात, डायवर्शनां आसात, त्यातसून तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांनी दम घेतला, आवाज चढवला. "आणि ज्येनी कोणी आमचो गडगो हातभर सरकवलो हा, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

आम्ही सगळे चिडीचूप. तेवढ्यात गडग्यापलीकडून खणखणीत आवाज आला:

"व्हय म्हाराजा!"

धाकटे काका मनापासून म्हणाले होते. मी घाईघाईने गाडी सुरू केली, कारण मोठ्या काकांचं गाऱ्हाणं अजून फणसापर्यंत यायचं होतं.