केरळचा दिग्दर्शन पुरस्कार ‘न चालणाऱ्या’ सिनेमांसाठी राखीव आहे का?

मल्याळम सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे एक मत हमखास पुढे येतं, आणि फॉरवर्ड होत होत ते आता पक्कं झालंय. मत असं : केरळ सरकारचा उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार संथ, कुणी न पाहिलेल्या सिनेमांनाच मिळतो. तीच ती चार नावं फिरतात. नाव सरकार ठरवतं. आणि ज्याला उत्कृष्ट चित्रपट म्हणतात त्याच्याच दिग्दर्शकाला हाही देऊन टाकतात. मला हे मत मनापासून खटकतं, कारण विजेत्यांची यादी नुसती वरून खाली वाचली तरी ते टिकत नाही.

आधी ‘कुणी न पाहिलेले’ या शब्दांकडे बघू. 2024 सालचा पुरस्कार चिदंबरम यांना ‘मंजुम्मल बॉइज’साठी मिळाला. जगभरात 200 कोटींच्या वर गल्ला जमवणारा हा पहिला मल्याळम चित्रपट. त्याच्या आदल्या वर्षी ब्लेसी यांना ‘आडुजीवितम’साठी मिळाला, आणि त्यालाही तुफान गर्दी झाली होती. 2012 साली लाल जोस, 1989 साली आय. व्ही. ससी, म्हणजे गर्दी खेचणारी माणसं या यादीत पूर्वीपासून आहेत. मात्र चित्रपट चालला एवढ्यावर हा पुरस्कार मिळत नाही, हेही तितकंच खरं, आणि ते तसंच असायला हवं.

‘संथ’ म्हणाल तर लिजो जोस पेल्लिसेरी यांचा ‘ई. मा. यौ.’ पाहा. त्यांना 2017 सालचा दिग्दर्शन पुरस्कार याच चित्रपटाने मिळवून दिला. चेल्लानमच्या किनाऱ्यावर एक म्हातारा मरतो. बापाची अंत्ययात्रा थाटामाटात काढीन, असा शब्द मुलाने दिलेला असतो. मग पाऊस, बँडवाले, चर्चचा पाद्री, गावातली कुजबुज सगळं एकावर एक कोसळत जातं आणि शेवटी तो मुलगा स्वतःच्या अंगणात कुदळ घेऊन खड्डा खणायला लागतो. मरणाच्या घरात माणसं जशी एकमेकांच्या अंगावर बोलतात, तशी इथे बोलतात, आणि कॅमेरा त्यांच्यातूनच वाट काढत फिरतो. हा चित्रपट पाहताना मी श्वास रोखून बसलो होतो. 2018च्या नोव्हेंबरमध्ये पणजीच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात आंतरराष्ट्रीय स्पर्धेत याच कामाबद्दल लिजोंना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला. केरळच्या परीक्षकांनी त्याआधी, मार्चमध्येच निवड केली होती. पुढच्या वर्षी त्यांच्याच ‘जल्लिकट्टू’ला आधी गोव्याने मान दिला, मग केरळने. घरच्यांनी घरच्यांचं कौतुक करण्याचा हा मामला असता तर असं झालं नसतं.

‘तीच ती चार नावं’ हा आक्षेप मात्र पूर्वी खरा होता. 1969 साली हे पुरस्कार सुरू झाल्यावर पहिली दोन-अडीच दशकं सेतुमाधवन, अरविंदन आणि अडूर गोपालकृष्णन ही नावं पुन्हा पुन्हा दिसतात. त्या काळात या तोडीचं काम करणारे कमी होते, असं माझं मत. पण अलीकडची दहा वर्षं घ्या, 2015 ते 2024. मार्टिन प्रक्काट, विधू विन्सेंट, लिजो, श्यामप्रसाद, सिद्धार्थ शिवा, दिलीश पोत्तन, महेश नारायणन, ब्लेसी, चिदंबरम. दहा पुरस्कार, नऊ जणं. फक्त लिजोंना दोनदा. चिदंबरम यांचा तर तो दुसराच चित्रपट होता.

सरकार ठरवतं, हा समज कशामुळे झाला ते समजू शकतो. निकाल सांस्कृतिक मंत्री जाहीर करतात, टीव्हीवर तेच दिसतात. पण काम बघते केरळची चलच्चित्र अकादमी ही संस्था, आणि परीक्षक मंडळाचं अध्यक्षपद वारंवार केरळबाहेरच्या माणसाकडे जातं : सईद मिर्झा, गौतम घोष, सुधीर मिश्रा, प्रकाश राज. 2022 सालच्या पुरस्कारांत अकादमीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी ढवळाढवळ केल्याचा आरोप झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि याचिका फेटाळली गेली. संशय घ्यायला हरकत नाही, पण आरोप म्हणजे पुरावा नव्हे.

चित्रपट आणि दिग्दर्शन हे दोन्ही पुरस्कार एकाच कामाला जातात, हे तर साफ चूक. वरच्या दहा वर्षांत ते दोनदाच घडलं, विधू विन्सेंट यांच्या ‘मॅनहोल’ आणि ‘मंजुम्मल बॉइज’च्या वेळी. दिग्दर्शक जिओ बेबी यांचं उदाहरण बघा. मोरीचा तुंबलेला पाइप आणि खाली ठिबकणारं घाण पाणी दाखवून ज्यांनी आपल्याकडच्या घराघरांतही भांडणं लावली, त्यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ 2020चा उत्कृष्ट चित्रपट ठरला. 2023 साली त्यांचाच ‘काथल’. दोन्ही वर्षी दिग्दर्शनाचा पुरस्कार दुसऱ्यालाच गेला.

तक्रार करायचीच तर खरी करा. 1969 पासून 2015 पर्यंत एकाही बाईला हा पुरस्कार मिळाला नव्हता. पहिला मिळाला विधू विन्सेंट यांना, मैला साफ करणाऱ्या कामगाराच्या मुलीची गोष्ट सांगणाऱ्या ‘मॅनहोल’साठी. पत्रकार असताना त्यांनी याच माणसांवर माहितीपट केला होता. त्यानंतर 2024 पर्यंत एकही नाही. 2024 साली पायल कपाडिया यांनी मुंबईतल्या मल्याळी नर्सेसवर, आपल्या लोकल गाड्यांत आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर चित्रित केलेला सिनेमा कान महोत्सवात ग्रां प्री घेऊन आला. केरळने त्यांना स्त्रिया आणि तृतीयपंथीयांसाठी ठेवलेला विशेष पुरस्कार दिला.