काका, तुमच्या आईबद्दल आणि शिंगूकाठच्या बायांबद्दल

जय ख्रिस्त काका,

ब्राझीलमध्ये, अमेझॉन खोऱ्यातल्या शिंगू नदीकाठच्या ख्रिस्ती वस्त्यांवर आणि फादर नसताना त्या चालवणाऱ्या बायांवर मी लेख लिहिला, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फादर कमी पडतात म्हणून बायकांना वेदीपाशी आणणं हे पाश्चात्त्य खूळ आहे. आज वाचन, उद्या प्रवचन, परवा मिस्सा (भाकरी-द्राक्षारसाचा मुख्य उपासनाविधी, जो फक्त फादर करतात), अशी ही घसरगुंडी आहे. वसईत फादरांची वानवा नाही, तेव्हा अमेझॉनचं गाऱ्हाणं इथे नको. पाचारणासाठी, म्हणजे तरुणांना धर्मगुरू होण्याची हाक यावी म्हणून, प्रार्थना करा, पुरेसे फादर मिळतील. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमच्या आईने 40 वर्षं चर्च झाडलं, फुलं लावली, पण कधी पद मागितलं नाही.

आईबद्दल शेवटी बोलते. आधी माझी चूक.

धर्मसंहितेच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, कलम 517 नुसार स्त्री धर्मग्रामाची (पॅरिशची) प्रमुख होऊ शकते, असं मी लिहिलं होतं. तुम्ही ते पकडलंत आणि तुम्ही बरोबर आहात. त्या कलमाचा दुसरा भाग सांगतो की धर्मगुरूंची टंचाई असेल तर बिशप धर्मग्रामाच्या सेवेत डीकनला (धर्मगुरूच्या खालची दीक्षा घेतलेल्या सेवकाला), एखाद्या प्रापंचिकाला (दीक्षा न घेतलेल्या माणसाला) किंवा गटाला सहभागी करून घेऊ शकतात, पण देखरेखीला प्रमुखाचे अधिकार असलेला एक धर्मगुरू नेमावाच लागतो. म्हणजे बाई वस्तीत राहून रोजचं सगळं पाहते आणि कागदावर जबाबदार असतो दूरचा फादर. लेखातलं ते वाक्य मी आज दुरुस्त केलं आहे.

आता पाश्चात्त्य खुळाबद्दल. काका, यासाठी मी तुम्हाला कोरियात नेते.

कोरियात ख्रिस्तसभा कुणा मिशनऱ्याने नेली नाही. तिथल्या विद्वानांनी चीनमधून आलेले ग्रंथ वाचले, त्यांच्यातला एक जण 1784 मध्ये बीजिंगहून बाप्तिस्मा घेऊन परतला आणि त्याने इतरांना दिला. पहिला फादर पोहोचला दहा वर्षांनी. ते चिनी होते, झोऊ वेनमो त्यांचं नाव. आल्याबरोबर सरकार त्यांच्या मागे लागलं. त्यांना लपवलं कांग वान-सुक नावाच्या बाईने. आधी सरपणाच्या खोपटात, मग घरात. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, सासूला आणि सावत्र मुलाला घेऊन सोलमध्ये आलेली ही बाई. उच्चकुलीन बाईच्या घराची झडती घ्यायची नाही, असा तिथला रिवाज होता. त्या रिवाजाच्या आडोशाने अख्ख्या देशातला एकुलता एक धर्मगुरू सहा वर्षं टिकला.

पण ती नुसती लपवणारी नव्हती. फादरांनी तिला स्त्रियांची धर्मशिक्षिका नेमलं होतं. फादर उघड फिरू शकत नव्हते, ती फिरत होती. राजघराण्यातल्या बायांपासून मोलकरणींपर्यंत ती शिकवत गेली. त्या सहा वर्षांत तिथले ख्रिस्ती 4 हजारांवरून 10 हजारांवर गेले असं सांगतात. 1801 मध्ये ती पकडली गेली. फादर कुठे आहेत हे छळ सोसूनही तिने सांगितलं नाही, आणि त्याच वर्षी 2 जुलैला तिचा शिरच्छेद झाला. 2014 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सोलमध्ये तिला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. 1801 साली युरोपात बाईला मताचा अधिकारही नव्हता, काका. हे खूळ तिने कोणत्या पश्चिमेकडून घेतलं असेल?

आपल्या संत गोन्सालो गार्सियांचंही सांगते, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्यांचं नाव आहे. वसईत जन्मलेला हा माणूस 1597 मध्ये नागासाकीत क्रुसावर गेला. पुढे जपानमधले सगळे धर्मगुरू मारले किंवा हाकलले गेले आणि दोनशेहून अधिक वर्षं तिथे फादर नव्हता. 1865 मध्ये नागासाकीत ओउरा इथे नवं चर्च उभं राहिलं, गोन्सालो आणि त्यांच्या सोबतच्या 25 हुतात्म्यांच्या नावाने. 17 मार्चला काही खेडूत दबकत आत आले, आणि त्यांच्यातली एक बाई फ्रेंच फादरांच्या कानाशी बोलली की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या गुप्त वस्त्यांचे म्होरके आणि बाप्तिस्मा देणारे पुरुष होते. पण होते प्रापंचिकच. मिस्सा नाही, कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) नाही, तरी विश्वास घरातून घरात उतरला. तो कुणी उतरवला असेल, हे तुमच्या-माझ्या घरात संध्याकाळची माळ कोण घ्यायचं ते आठवलं की कळतं.

आणि आता शिंगू. हा धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा मुलूख) 2019 पर्यंत अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा होता. रस्ता म्हणजे नदी. काही वस्त्यांत फादर वर्षातून एकदा-दोनदा पोहोचतो. उरलेल्या रविवारी गावातलीच एखादी बाई सगळ्यांना जमवते, शास्त्रपाठ वाचते, प्रार्थना चालवते, आधी पवित्र केलेला ख्रिस्तप्रसाद असेल तर तो वाटते. मुलांना शिकवते, अडीनडीला बाप्तिस्मा देते, मेलेल्याला पुरते. जमीन लाटणारे आले तर त्यांच्यासमोर उभीही राहते. याच भागात अनापूजवळ 12 फेब्रुवारी 2005 रोजी गरिबांच्या जमिनीसाठी लढणाऱ्या सिस्टर डोरोथी स्टँग यांना गोळ्या घातल्या, 73 वर्षांच्या म्हातारीला, कच्च्या रस्त्यावर.

मला रात्री झोप लागू न देणारी गोष्ट वेगळी आहे. अशा वस्तीत कुणी मरणपंथाला लागलं तर ती बाई उशाशी बसते. तोंड पुसते, क्रूस हातात देते. त्या माणसाला कुमसार हवा असतो. सगळं आयुष्य त्याने तिलाच सांगितलेलं असतं, पण पापक्षमा ती देऊ शकत नाही, आजाऱ्याला पवित्र तेल लावायचं तैलाभ्यंगही करू शकत नाही. ते फक्त धर्मगुरूचं आहे, आणि धर्मगुरू चार दिवसांच्या बोटीवर. मला यावर तोडगा ठाऊक नाही. पण या माणसाला ‘पाचारणासाठी प्रार्थना करा’ असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

2019 च्या ऑक्टोबरमध्ये रोमला अमेझॉनचा सिनड, म्हणजे बिशपांची सभा, भरला. योग्य विवाहित पुरुषांना गुरुदीक्षा द्यावी या शिफारशीला 128 विरुद्ध 41 मतं पडली. वस्तीच्या नेतृत्वाला रीतसर सेवापद द्यावं, हेही त्यांनी मागितलं. सिनडला आलेल्या स्त्रियांना मात्र मत नव्हतं. पोप फ्रान्सिस यांचं उत्तर प्रसिद्ध झालं 12 फेब्रुवारी 2020 रोजी, सिस्टर डोरोथींच्या मृत्यूला बरोबर 15 वर्षं झाली त्या दिवशी. विवाहितांच्या दीक्षेचा उल्लेख त्यात नाही. पण दशकानुदशकं फादर न फिरकलेल्या वस्त्यांत विश्वास टिकला तो खंबीर बायांमुळे, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं, आणि त्यांच्या कामाला स्थैर्य, जाहीर मान्यता आणि बिशपांचं नेमणूकपत्र असावं असंही. त्याच वर्षी जुलैमध्ये रोममधूनच धर्मग्रामांबद्दल एक सूचनापत्र निघालं. त्यात म्हटलं आहे की अशा प्रापंचिकांना ‘समन्वयक’ किंवा ‘व्यवस्थापक’ यांसारखी नावंही देऊ नयेत.

म्हणजे काम करायचं, पण त्या कामाला नाव नसायचं. माझा सगळा लेख या एका गोष्टीसाठी होता. नाव नसलं की पगार नसतो, प्रशिक्षण नसतं, सभेत खुर्ची नसते आणि काम काढून घेताना कारणही द्यावं लागत नाही. मी 19 वर्षं रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. एका वर्षी (गाव सांगत नाही) वर्गांची वेळ, पुस्तकं आणि खोल्या बदलल्या, आणि आम्हा 11 बायकांना ते मुलांकडून कळलं. ठरवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्हाला विचारायला हवं होतं हे त्यांना सुचलंच नाही.

घसरगुंडीचं म्हणाल तर मी स्त्रियांसाठी गुरुदीक्षा मागितलेली नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1994 मध्ये त्यावर ‘नाही’ म्हटलं, ते मला ठाऊक आहे. स्त्री-डीकनचा प्रश्न वेगळा आहे, त्यासाठी खुद्द रोमने 2016 पासून अभ्यासमंडळं बसवली. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात संत पौल ज्या फिबीची शिफारस करतो, तिला तो किंख्रियातल्या मंडळीची ‘डीकन’च म्हणतो. त्या शब्दाचा तेव्हाचा नेमका अर्थ काय, यावर पंडित भांडोत. आणि वाचनाला तर तुम्ही घाबरूच नका. 2021 च्या जानेवारीत कायदा बदलून वाचक आणि वेदीसेवक ही सेवापदं स्त्रियांना रीतसर खुली झाली, मे महिन्यात धर्मशिक्षकाचं सेवापदही आलं. 2023 च्या सिनडमध्ये पन्नासहून अधिक स्त्रियांनी मत दिलं. 2025 च्या जानेवारीत जगभरच्या संन्यस्त संस्था पाहणाऱ्या रोमच्या खात्यावर एक सिस्टर प्रमुख म्हणून नेमली गेली. यातल्या कुणी मिस्सा मागितली नाही.

एका बाबतीत मी तुमच्यापेक्षाही पुढे जाते. ‘फादर कमी आहेत म्हणून बायका’ हे कारण मलाही नको आहे. कायद्याने टंचाई ही अट घातली की टंचाई सरली त्या दिवशी बाईची नेमणूकही सरते. पाऊस थांबला की छत्री कोपऱ्यात. तिला काम द्यायचं ते तिच्यात ते देणं आहे म्हणून द्यावं, फादर गावात असतानाही.

आणि टंचाईच मोजायची तर सगळी मोजू. 1970 मध्ये जगात सुमारे 4 लाख 20 हजार धर्मगुरू होते, 2023 मध्ये सुमारे 4 लाख 7 हजार, आणि या काळात कॅथलिक 65 कोटींवरून 140 कोटींवर गेले. हे आकडे सगळे सांगतात. धर्मभगिनी मात्र त्याच काळात 10 लाखांवरून 6 लाखांच्या खाली आल्या. दवाखाना, शाळा, वसतिगृह, मरणाऱ्याची उशी, सगळीकडे ज्या होत्या त्या चार लाख बाया गेल्या आणि तिला टंचाई म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

वसईत आज फादर आहेत, देवाची कृपा. पण मागच्या पिढीत ज्या घरांनी सहा-सात मुलांतला एक देवाला दिला, त्या घरांत आता एक नाहीतर दोन मुलं आहेत. आणि जर्मनीतल्या कितीतरी धर्मग्रामांत आज केरळचे फादर मिस्सा करतात. त्यांची पोकळी आपण भरतो आहोत. आपली कोण भरणार, हा विचार फादर असतानाच करायचा की वेदी रिकामी झाल्यावर?

आता तुमची आई. तिने पद मागितलं नाही, मान्य. माझ्या मावशीनेही नाही. पण काका, त्यांनी मागितलं नाही म्हणून कुणी विचारूही नये असं थोडंच आहे? चर्चच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते, आजवरच्या सगळ्या प्रमुख धर्मगुरूंची नावं, सालासकट. कुणी तीन वर्षं होतं, कुणी पाच. तुमच्या आईची 40 वर्षं कुठे लिहिली आहेत?

ती फक्त झाडत नसणार. कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिला फादरांआधी कळत असणार. प्रार्थना कुणाकुणाला पाठ करून दिल्या, रुसलेल्या जावांना एका बाकावर कसं आणलं, बाळंतिणीच्या घरी काय पोचवलं, हे तुम्हाला ठाऊक असेल, मला नाही. तुम्ही मला ते लिहून पाठवाल का? हाताने लिहिलेलं चालेल, मी टाइप करून घेईन. तुमची हरकत नसेल तर पुढच्या रविवारी इथे तेच छापते. तुमच्या सहीने, आणि चालत असेल तर आईच्या पूर्ण नावासह.