वाय-फायचा पासवर्ड काढू नका हो, आमच्या बाबांनी काढला होता

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. "घरच्या कॉम्प्युटरचं वाय-फाय सारखं तुटतंय? हे पाच उपाय करा, टेक्निशियनला एक रुपया देऊ नका." असले मेसेज मी न वाचताच उडवते, पण रविवारी मुलुंडला माहेरी गेले तर राउटरच्या मागे पोळ्या गुंडाळायचं फॉइल उभं, आणि फोनमध्ये बघते तर आमच्या नेटवर्कच्या नावापुढचं कुलूपच गायब. बाबा म्हणाले, "अगं, त्यात लिहिलं होतं तसं केलं." म्हणून हे लिहितेय.

आधी तो कुलपाचाच मुद्दा. मेसेज म्हणतो, पासवर्ड असला की कॉम्प्युटर दर सेकंदाला तपासणीत अडकतो म्हणून नेट तुटतं, पासवर्ड काढा, स्पीड दुप्पट. कुठून आणतात हे? पासवर्ड तपासला जातो तो जोडणी होताना, ते काम पापणी लवायच्या आत होतं, आणि पुढची सांकेतिक भाषा वगैरे चिप बघून घेते, तुमच्या कॉम्प्युटरवर त्याचा भार पडत नाही. एवढंच खरं की राउटरमध्ये अजून डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुन्या पद्धतीची कुलपं लावलेली असतील तर स्पीड 54 एमबीपीएसच्या वर जात नाही. त्यावर उपाय म्हणजे डब्ल्यूपीए2 नाहीतर डब्ल्यूपीए3 हे नव्या पद्धतीचं कुलूप निवडणं, दार सताड उघडं टाकणं नाही.

आणि उघडं टाकल्यावर काय होतं हे मुंबईकरांना तरी सांगायला लागू नये. 26 जुलै 2008, अहमदाबादचे स्फोट. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा मेल गेला तो सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या उघड्या वाय-फायवरून, आणि पोलिस पोचले फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाकडे, कॉम्प्युटर जप्त, चौकशी, सगळं त्याच्यामागे लागलं. मेल पाठवणारा कुठेतरी खाली उभा राहून निघूनही गेला असेल. त्याच सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांचा मेल चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेला. हे सगळं बाबांनी तेव्हा पेपरात वाचलंय, मला वाचून दाखवलंय! आणि आता सोसायटीचे हिशोब ज्या कॉम्प्युटरवर आहेत त्याचंच नेट अख्ख्या बिल्डिंगला वाटून मोकळे. पासवर्ड परत लावला तर अर्ध्या तासात खालच्या मजल्यावरून मुलगा विचारायला आला, काका, आज तुमचं नेट बंद आहे का. म्हणजे स्पीड दुप्पट कोणाचा झाला होता ते कळलं.

त्यातच दुसरा उपाय, फायरवॉल बंद करा. फायरवॉल म्हणजे नेटवरून कॉम्प्युटरमध्ये घुसणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी, त्याचा सिग्नलशी संबंध शून्य. पुढे.

फॉइल. बरं, हे अगदीच खोटं नाहीये. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या लोकांनी 2017 मध्ये धातूचा थर दिलेले खास आकार राउटरभोवती ठेवून दाखवलं की सिग्नल हव्या त्या दिशेला वळवता येतो. पण वळवता येतो, वाढत नाही, एका खोलीत जास्त तर दुसरीत कमी. आईच्या फॉइलने बेडरूममधला टीव्ही अडकायला लागला होता.

राउटर रोज रात्री बंद करा म्हणजे "लहरी ताज्या होतात". लहरी काय मेथीची जुडी आहेत? रीस्टार्टने कधीकधी बरं वाटतं हे मान्य, कारण बरेच राउटर चालू होताना चॅनल, म्हणजे सिग्नल जायची मार्गिका, नव्याने निवडतात. वाय-फायच्या नेहमीच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यामध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये घरटी एक राउटर, मग गर्दी होणारच. जमलं तर 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा, फक्त ते भिंतीपलीकडे लवकर दम टाकतं.

शेवटचा मुद्दा, "मोबाइलवर नेट चालतं आणि कॉम्प्युटरवर तुटतं म्हणजे कॉम्प्युटर जुना झाला, नवीन घ्या." टेक्निशियनचा एक रुपया वाचवायला निघालेला माणूस हे सांगतोय. बाबांचा वाय-फायचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा सिग्नल पकडणारा छोटा तुकडा, कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला चिकटून, आणि शेजारच्याच निळ्या, म्हणजे यूएसबी 3.0 च्या पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क. इंटेलने 2012 मध्येच कागद काढून सांगितलंय की यूएसबी 3.0 ची उपकरणं आणि केबल 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि जवळच्या वायरलेस वस्तूंना त्रास होतो. म्हणजे बॅकअप सुरू झाला की नेट तुटणार, आणि बाबा म्हणतच होते, हिशोब सेव्ह करायला घेतले की जातं. यूएसबीची मीटरभर एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर आणला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे बंद करू दे अशा अर्थाची टिक काढली. रविवारपासून एकदाही तुटलेलं नाही. फॉइल तेवढं बाबा काढू देत नाहीयेत.