रेशनच्या तांदळात चीनचं प्लास्टिक? धान पिकवणाऱ्याला तरी विचारा

"रेशनचा तांदूळ नोको खाऊ बाबू, चीनचा पिलॅस्टिक हाये त्यात," मावशीने फोनवर बजावलं. सुपात पाखडून, वेगळे दिसणारे पांढरेफटक दाणे एकेक वेचून तिने कोंबड्यांपुढेही न टाकता थेट उकिरड्यावर फेकले होते. मावशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातली. उभा जन्म धानाच्या बांधीत रोवणा करण्यात गेलेली बाई. तिला तांदूळ कसा ओळखायचा हे शिकवलं कोणी, तर व्हॉट्सॲपने!

मेसेज तुमच्याकडेही आलाच असेल. सारांश असा : सरकार आपला चांगला तांदूळ परदेशात विकतं आणि चीनचा प्लास्टिकचा तांदूळ रेशनमध्ये मिसळतं. ओळखायची खूण म्हणजे तो पाण्यावर तरंगतो, जाळला की काळा पडतो, भाताचा गोळा आपटला की उसळतो. पुढे, एचएमटी तांदूळ ही घड्याळ कंपनीची संकरित जात आहे आणि तीच बासमती म्हणून बाहेर जाते. शेवटी नेहमीचं : दहा ग्रुपवर पाठवा.

आधी ते तरंगणारे दाणे, कारण खरं नुकसान तिथे होतंय. ते दाणे मुद्दाम मिसळलेले असतात. तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकारात काढलेलं. शंभर किलो तांदळाला असे दाणे एक किलो, आणि हे मिसळण्याचं काम भरडाईच्या वेळी राइस मिलमध्येच होत आलं; 2026 मध्ये केंद्राने ते तूर्त थांबवलं. रंग थोडा वेगळा, वजनाला हलके, म्हणून काही वर येतात. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने यासाठी मोजमाप ठरवून दिलं आहे : मिसळलेल्या एक किलो तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह. प्रमाण छापलेलं आहे, पोत्यावर खूण आहे, 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झालेली आहे. चोरून प्लास्टिक घालणारा इतकी दवंडी पिटतो का? माणशी पाच किलोत हे दाणे भरतात पन्नास ग्रॅम. रक्त कमी म्हणून आशाताईकडून लाल गोळ्या आणायच्या आणि तेच लोह वेचून उकिरड्यावर टाकायचं, असा हा कारभार.

जाळला की काळा पडतो? भाकरी तव्यावर विसरा, तीही पडते. गोळा उसळतो कारण भात चिकट असतो आणि गोळ्यात हवा अडकते. प्लास्टिकचा दाणा उकळत्या पाण्यात तासभर ठेवला तरी पाणी पिऊन फुगणार नाही, मऊ होणार नाही. तुमचा भात झाला ना? मग विषय संपला. शिवाय प्लास्टिकचा कच्चा दाणा साध्या तांदळापेक्षा महाग. महाग माल घालून स्वस्त मालात भेसळ करणारा व्यापारी मला एकदा बघायचाच आहे.

आणि चीन! आपल्या पूर्व विदर्भात सरकारच्या आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकतो कोण? आपणच. त्याची भरडाई होते इथल्याच मिलमध्ये, क्विंटलभर धानामागे 67 किलो तांदूळ सरकारला जमा होतो आणि रेशनला जातो. म्हणजे शेजारच्या बांधीतला धान फिरून ताटात आला, तर तो चिनी? खरं तर गंगा उलटी वाहिली आहे. 2020 च्या डिसेंबरात कित्येक वर्षांनी चीननेच आपल्याकडून तांदूळ घ्यायला सुरुवात केली आणि पुढे तो आपल्या कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा, सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला. जनावरांच्या खाद्याला, शेवयांना, दारूला. सप्टेंबर 2022 मध्ये सरकारने कनकीची निर्यात बंद केली तेव्हा पंचाईत त्यांचीही झाली.

चांगला तांदूळ बाहेर जातो हे अर्धं खरं. जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. पण तो माल खासगी व्यापारी पाठवतात, आणि त्यात आफ्रिकेत जाणारा उसना, म्हणजे उकडा तांदूळ ढिगाने असतो. देशात भाव चढायला लागल्यावर 20 जुलै 2023 ला सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद केली, ती उघडली सप्टेंबर 2024 च्या शेवटी. यावर शेतकऱ्याने जरूर ओरडावं, भाव मिळण्याची वेळ आली की दार लागतं. मेसेजवाल्याचं रडगाणं मात्र बरोबर उलटं आहे.

एचएमटीचं वाचून तर डोकंच फिरलं. ही जात नागभीड तालुक्यातल्याच नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांची. 1983 मध्ये पटेल-3 या जातीच्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी जपल्या, वर्षानुवर्षं निवड करत बी वाढवलं. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, तेच नाव पडलं. कंपनीचा संबंध एवढाच. मावशीच्या तालुक्यातल्या माणसाची जात, आणि मावशीला सांगतात कंपनीची! बासमतीचं म्हणाल तर तिचं भौगोलिक मानांकन उत्तरेतल्या भागापुरतं आहे, आणि एचएमटीचा बारीक आखूड दाणा बासमती म्हणून खपवायला गिऱ्हाईक आंधळंच हवं.

एक गोष्ट मात्र मनाविरुद्ध का होईना मान्य करतो. या लोहयुक्त तांदळावर विचारण्याजोगा प्रश्न आहे, तो सिकलसेलचा, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात घरोघरी हा आजार माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णांनी लोह घातलेलं अन्न खाऊ नये, असा इशारा छापण्याचा नियम 2018 पासून होता. 2024 मध्ये तो काढला, इतक्या लोहाने अपाय होतो असा पुरावा नाही या कारणाने. ते बरोबरही असेल. पण ज्या गडचिरोलीत हा तांदूळ आधी प्रयोग म्हणून वाटला, तिथल्या रुग्णाला हे कोणी घरी येऊन समजावलं का? हे विचारायचं सोडून लोक भाताचे गोळे आपटत बसलेत. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि बाकीच्यांनी भात मोजक्या पाण्यात शिजवा. पेज पसवून फेकली की जीवनसत्त्वंही तिच्यासोबत जातात.

भरडाईत बनवाबनवी होत नाही असं मी म्हणत नाही. किडका, कुबट तांदूळ दुकानात आला तर घेऊ नका, 1967 या रेशनच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. फक्त तिथे प्लास्टिकचं नाव काढू नका, नाहीतर खरी तक्रारही हसण्यावारी जाईल.