मरीयेविषयीचे आपले मौन

प्रोटेस्टंट ख्रिस्ती येशूची आई मरीया हिला मानत नाहीत, हे वाक्य कॅथलिकांकडून जितके ऐकू येते, जवळजवळ तितकेच ते प्रोटेस्टंटांच्या तोंडूनही ऐकू येते, आणि आपण म्हणतो तेव्हा त्यात थोडा अभिमानही मिसळलेला असतो. मी प्रोटेस्टंट मंडळीचा (चर्चचा) सभासद आहे आणि मरीयेकडे प्रार्थना करणे मला मान्य नाही. तरीही हे विधान इतिहासाला धरून नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाले त्या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी नाकारला तो मरीयेचा धावा; तिचा मान त्यांनी नाकारला नव्हता. तिच्याविषयी अवाक्षर न काढण्याची सवय आपल्याला नंतर जडली.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचेच पाहा. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात मरीया आपली नातलग अलीशिबा हिच्या घरी जाते आणि देवाची स्तुती गाते. त्या स्तोत्रावर लूथरने १५२१ मध्ये जर्मन भाषेत सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. पोपने त्याला बहिष्कृत केलेले, वर्म्स शहरातल्या साम्राज्यसभेपुढे त्याला उभे राहावे लागलेले, आणि लेखनाचा शेवट तर वार्टबुर्गच्या किल्ल्यात आश्रयाला असताना झालेला, अशा धामधुमीतले हे पुस्तक आहे. त्यात तो म्हणतो की देवदूताकडून एवढा मोठा निरोप मिळाल्यावरही मरीया मिरवत बसली नाही; ती पूर्वीसारखीच गाईंचे दूध काढते, स्वयंपाक करते, भांडी घासते, घर झाडते. तिची थोरवी तिच्या स्वतःच्या गुणांमुळे नाही, तर देवाने तिच्या दीनावस्थेकडे पाहिले म्हणून आहे, हा त्याचा मुख्य मुद्दा. म्हणजे ज्या कृपेच्या शिकवणीसाठी तो रोमशी भांडत होता, तीच शिकवण तो मरीयेच्या तोंडून मांडत होता. (त्याच पुस्तकाच्या शेवटी तो मरीयेच्या मध्यस्थीचाही उल्लेख करतो. पुढे त्याने ती वाट सोडली, पण ते वाक्य आज आपल्यातल्या अनेकांना दाखवले तर ते नक्की चपापतील.)

मरीया आजन्म कुमारी राहिली, असे लूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली दोघेही मानत. मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनीही १७४९ मध्ये एका कॅथलिक वाचकाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात हेच म्हटले आहे. जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्व्हिन अधिक सावध होता. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या भावांची नावे येतात, तेवढ्यावरून मरीयेला पुढे मुले झाली असे ठामपणे सांगता येत नाही, एवढेच तो म्हणाला आणि थांबला. आजचे बहुतेक प्रोटेस्टंट ते येशूचे सख्खे धाकटे भाऊ होते असे समजतात. मलाही पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) वर्णनाचा सरळ अर्थ तोच वाटतो, पण या प्रश्नावर कोणाचे तारण अवलंबून नाही.

खरी सीमारेषा आखली गेली ती १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरच्या अनुयायांनी मांडलेल्या विश्वासाच्या निवेदनात. त्याच्या एकविसाव्या कलमानुसार संतांचे स्मरण करावे, त्यांच्या विश्वासाचा कित्ता गिरवावा, मात्र त्यांचा धावा करण्याची शिकवण शास्त्रात नाही, कारण देव आणि मनुष्य यांच्यामधला मध्यस्थ एकटा ख्रिस्त आहे. या कलमाचे समर्थन करताना लूथरचा सहकारी मेलांख्थोन याने पुढच्याच वर्षी लिहिले की मरीया मंडळीसाठी प्रार्थना करते हे आम्ही मान्य करतो आणि ती मोठ्या सन्मानाला पात्र आहे. परंतु लोक तिलाच ख्रिस्ताच्या जागी बसवू लागले आहेत, याला त्याची हरकत होती. यावर कॅथलिक बांधव म्हणतात की आम्ही मरीयेची आराधना करत नाही, तिला फक्त आमच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. ते प्रामाणिकपणे म्हणतात याबद्दल मला शंका नाही. पण जिथे शास्त्रात आज्ञाही नाही आणि वचनही नाही, तिथे प्रार्थनेचा पाया कशावर घालायचा, हा मेलांख्थोनचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

मग मौन आले कुठून? बरेचसे ते प्रतिक्रियेतून आले. मरीया आदिपापाच्या डागाविना गर्भात आली, हे पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये विश्वासतत्त्व म्हणून घोषित केले. तिला सदेह स्वर्गात घेतले गेले, हे बारावे पायस यांनी १९५० मध्ये. दोन्हींना शास्त्रात स्पष्ट आधार नाही, असे आपले म्हणणे आहे आणि ते योग्यच आहे. पण तिकडे एक पदवी वाढली की इकडे एक प्रवचन कमी, असा हिशेब सुरू झाला. (मरीयेला सह-उद्धारक म्हणणे योग्य नाही, असे नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द व्हॅटिकनने जाहीर केले. त्याची दखल आपल्याकडे फारशी कोणी घेतलेली मला दिसली नाही.)

नाताळच्या नाटिकेत हे मौन डोळ्यांनी दिसते. देवदूताला संवाद असतो, मेंढपाळांना असतो, खानावळवाल्यालाही असतो, जो शुभवर्तमानात मुळी बोलतच नाही. निळी ओढणी घेतलेली मरीया तेवढी बाहुली मांडीवर घेऊन गप्प बसते. लूकने मात्र तिच्या तोंडी अधिपतींना सिंहासनावरून खाली ओढणाऱ्या, भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या आणि धनवानांना रिकाम्या हाती परत पाठवणाऱ्या देवाचे गीत घातले आहे. ज्या मंडळीला शास्त्रवचनाचा एवढा अभिमान आहे, तिने हाच उतारा वर्षातून जेमतेम एकदा, तोही घाईघाईने वाचावा, हे मला पटत नाही.

‘माझी आई कोण?’ हा मार्कच्या तिसऱ्या अध्यायातला येशूचा प्रश्न आपल्याकडे मरीयेला कमी लेखण्यासाठी हमखास पुढे केला जातो. पण जो देवाच्या इच्छेप्रमाणे करतो तोच माझा भाऊ, बहीण आणि आई, असे येशू पुढे म्हणतो, आणि ‘मी प्रभूची दासी आहे’ असे गब्रीएल देवदूताला सांगणारी स्त्री त्या व्याख्येत सर्वांत आधी बसते. मुलाचे वागणे तिला प्रत्येक वेळी कळले असे नाही. तरीही ती वधस्तंभाजवळ उभी होती, आणि प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ती शिष्यांबरोबर प्रार्थनेत आहे. तिथे ती इतरांसारखीच एक विश्वासणारी आहे, आणि प्रोटेस्टंटांना मरीया याच रूपात सर्वांत जवळची वाटायला हवी.

मरीयेवर बोलू लागलो की उद्या हातात जपमाळ येईल, ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. अँग्लिकन मंडळीच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या) सायंप्रार्थनेत मरीयेचे गीत १५४९ पासून आहे, आणि संतांचा धावा ही पोकळ कल्पना ठरवणारे बाविसावे कलमही त्याच मंडळीच्या विश्वासाच्या कलमांतले आहे. काही अँग्लिकन पुढे मरीयेच्या भक्तीकडे वळले हे खरे, पण त्यांना तिकडे नेले ते त्या गीताने नव्हे. संगीतकार बाखने तेच गीत १७२३ मध्ये लाइपझिगच्या लुथरन उपासनेसाठी संगीतबद्ध केले, आणि ती मंडळी लुथरनच राहिली.