वेग नेमका अडतो कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. वाचनालयातले सार्वजनिक संगणक आणि नेटवर्क बदलण्यावरच्या लेखाला तुम्ही तीन हरकती घेतल्या आहेत. इंटरनेटचा प्लॅन दुप्पट वेगाचा घेतला की भागतं, मग केबल, स्विच (अनेक यंत्रं केबलने एकत्र जोडणारी पेटी), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडणं) हा पसारा कशाला, व्हीलॅन तर बँकांना हवं? जुने संगणक सरसकट काढून नवे का घेऊ नयेत? आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असताना हे संगणक लागतातच कुणाला?

आधी प्लॅनचं बघू, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात. एक लॅपटॉप थेट राऊटरला केबलने जोडून वेग मोजा. मग तोच लॅपटॉप वाचकांच्या टेबलाजवळच्या पॉइंटला लावा. राऊटरपाशी ३०० एमबीपीएस मिळतात आणि टेबलापाशी आकडा ९४च्या पुढे हलत नाही, असं दिसलं तर दोष प्लॅनचा नाही, ती लिंक, म्हणजे केबलची जोडणी, १०० एमबीपीएसवर जुळली आहे. १००ला केबलमधल्या तारांच्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (१,००० एमबीपीएस) चारही लागतात. एक तार केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नाही तरी उपकरणं खालच्या वेगावर येतात आणि लिंकचा दिवा मात्र लागलेलाच राहतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही. आधी पॅच कॉर्ड (पॉइंटपासून यंत्रापर्यंतची छोटी केबल) बदलून बघा, मग भिंतीतल्या केबलची दोन्ही टोकं नव्याने बसवा. स्विचच जुना, १००चा असेल तर तो बदलण्यावाचून इलाज नाही. नवी केबल घ्यायची तर कॅट ६ दर्जाची, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण तिच्या तारा टोकाशी तुटतात आणि त्याच केबलवरून ॲक्सेस पॉइंटला (वायफाय पसरवणाऱ्या यंत्राला) वीज दिली तर ती जास्त तापते. भिंतीतली लांबी ९० मीटरच्या आत ठेवा, पॅच कॉर्ड धरून १००.

वायफायचंही तेच. गर्दीच्या वेळी फोन जोडला जातो आणि ‘आयपी ॲड्रेस मिळवत आहे’वर अडकतो, तेव्हा बहुतेकदा राऊटरने प्रत्येक यंत्राला वाटायचे पत्ते संपलेले असतात. लीज, म्हणजे एक पत्ता राखून ठेवायची मुदत, २४ तासांची असेल तर सकाळी दहा मिनिटं येऊन गेलेल्या वाचकाचा पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडून राहतो. लीज एक-दोन तासांवर आणा. तरीही कमी पडले तर २५४ऐवजी ५१० पत्त्यांचं नेटवर्क करा. याला पैसा लागत नाही. प्लॅन चौपट केला तरी हे दुखणं जसंच्या तसं राहील.

व्हीलॅन बँकांना हवं, वाचनालयाला नको, हे तुमचं म्हणणं मात्र अजिबात मान्य नाही. सगळं एकाच नेटवर्कवर असेल तर वाचनकक्षात बसलेल्या कुणाच्याही लॅपटॉपवरून देवघेवीच्या सर्व्हरपर्यंत पोचता येतं, आणि त्या सर्व्हरवर सभासदांचे पत्ते, फोन नंबर, कुणी कोणती पुस्तकं नेली याची नोंद असते. ती जपणं आपलं काम आहे. कर्मचारी, सार्वजनिक संगणक आणि वायफाय असे तीन भाग पुरतात. पण नुसते भाग पाडून थांबू नका. बऱ्याच राऊटरमध्ये एका भागातून दुसऱ्यात जायची वाट मुळातच उघडी असते, ती फायरवॉलमध्ये (नेटवर्कमधली ये-जा रोखणाऱ्या यंत्रणेत) बंद करावी लागते आणि प्रिंटरपुरती सोडावी लागते. स्विचवर लूपपासून संरक्षण आणि डीएचसीपी स्नूपिंगही (ठरलेल्या राऊटरखेरीज कुणाला पत्ते वाटू न देणारी सोय) चालू करा. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये गेली, किंवा कुणी घरचा राऊटर उलटा जोडून पत्ते वाटू लागला, की सगळा मजला ठप्प होतो.

संगणकांबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते, त्यामुळे बरीच जुनी यंत्रं खरंच बाद होतात. उरलेल्यांचं टास्क मॅनेजरमध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत असेल तर एसएसडी (वेगवान डिस्क) आणि ८ जीबी रॅमने काम होतं. प्रोसेसरच १००वर असेल तर मात्र यंत्र बदला. बाद यंत्रांवर लिनक्स टाकून फक्त ब्राउझर उघडा ठेवला, तर पुस्तकांची यादी शोधायला ती छान चालतात, कारण कोहासारख्या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमधली यादी ब्राउझरमध्येच उघडते.

नव्या यंत्रांवर प्रत्येक वाचकानंतर सगळं पुसलं जायला हवं. विंडोजचा युनिफाइड राइट फिल्टर यंत्र रीस्टार्ट झालं की ते करतो, पण होम आणि प्रो आवृत्तीत तो नाही. वाचकाने केलेले बदल तात्पुरते ठेवायची त्याची जागा मुळात १,०२४ एमबी असते. डाउनलोडने ती भरली की यंत्र अडतं, म्हणून ती वाढवा आणि प्रत्येक वाचकानंतर रीस्टार्ट लावा.

राहिला मोबाईल. आठ पानांचा अर्ज भरणं, फोटो सांगितलेल्या केबीत बसवणं, कागद स्कॅन करून एका पीडीएफमध्ये जोडणं, प्रिंट काढणं: ही कामं पाच-सहा इंचांच्या पडद्यावर करताना माणसं रडकुंडीला येतात, आणि अर्जाची मुदत कुणासाठी थांबत नाही. दृष्टिहीन वाचकाला कीबोर्ड आणि एनव्हीडीएसारखा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) असलेला संगणक मिळाला, तर तो हे काम कुणाच्या मदतीशिवाय करू शकतो. संगणकांची संख्या कमी करायला हरकत नाही. बारा रडतखडत चालणाऱ्या यंत्रांपेक्षा आठ चांगली आणि एक स्कॅनर केव्हाही बरा.

वर सांगितलेले दोन्ही वेग मोजून, स्विचच्या मॉडेलसकट इथेच लिहा. प्लॅन वाढवायचा की नाही, ते त्यावरून सांगता येईल.